आधी विक्री, मग माल

आज आपण बाजाराच्या एका जुन्या सवयीचा इतिहास ऐकणार आहोत. माल हातात नसताना तो विकायचा, पैसे घ्यायचे आणि मग माल मिळवून द्यायचा, अशी ही सवय आहे.

हल्ली जवळजवळ प्रत्येक गटाच्या बैठकीत हा विषय निघतो. कुणीतरी मोबाईलवर साड्यांचे फोटो मागवते, स्टेटसला ठेवते, ओळखीच्या बायका पसंत करतात, पैसे पाठवतात. मग घाऊक व्यापाऱ्याला पैसे जातात आणि तो साडी परस्पर कुरिअरने पाठवतो. विकणारीने ती साडी हातात धरलेलीसुद्धा नसते. गटातल्या मोठ्या बाया म्हणतात, "जे आपल्याकडे नाही ते विकायचं, ही फसवणूकच झाली." तरुण मुली म्हणतात, "आत्याबाई, भांडवल नसलेल्या बाईला दुसरा धंदा सांगा." दोघींचंही बोलणं आम्हाला पटतं. म्हणून आम्ही ठरवलं, की हे मोबाईलमुळे आलं की त्याआधीही होतं, ते एकदा नीट बघू.

आधी आपल्या गावातच बघा. सोनाराकडे गेलं की तो नमुना दाखवतो, इसार घेतो आणि दागिना नंतर घडवतो. कुंभाराला लग्नाच्या मडक्यांची वर्दी महिनाभर आधी जाते. आंब्याला मोहोर आला की काही बागाईतदार अख्खी बागच व्यापाऱ्याला देऊन टाकतात. तेव्हा झाडावर फळ नसतं, फक्त आशा असते. या तिन्ही ठिकाणी माल नाही आणि सौदा मात्र झालेला आहे. पण तिन्हींत फरक आहे. सोनाराच्या हातात कसब असतं, त्यामुळे दागिना होणार हे नक्की. बागेत पाऊस, वारा, कीड यांचा भरवसा नसतो, म्हणून व्यापारी भाव पाडून घेतो. आणि मोबाईलवरची साडी आपण विणतही नाही आणि आपल्या घरातही ती नसते. ती तिसऱ्याच्या गोदामात असते, असं आपण धरून चालतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता थोडं लांब, जपानला जाऊ. तिथे ओसाका नावाचं शहर आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या सरदारांना त्यांच्या मुलखाचा सारा तांदळात मिळायचा. तो तांदूळ ओसाकाच्या कोठारांत यायचा. पोती हलवण्याऐवजी कोठारवाले चिठ्ठ्या द्यायचे. ही चिठ्ठी आणेल त्याला एवढा तांदूळ द्यावा, असा तिचा अर्थ. व्यापारी त्या चिठ्ठ्यांचीच खरेदी-विक्री करू लागले. या व्यवहाराची पेठ होती डोजिमा, आणि १७३० साली तिथल्या राज्यकर्त्यांनी तिला रीतसर मान्यता दिली. पुढच्या तारखेच्या तांदळाचे सौदेसुद्धा तिथे व्हायचे.

सोय मोठी होती. पण सरदारांना पैशाची चणचण भासली, की ते कोठारात असलेल्या तांदळापेक्षा जास्त चिठ्ठ्या काढायचे. कागदावर तांदूळ भरपूर आणि कोठारात जागा रिकामी. गोष्ट बाहेर फुटली, की चिठ्ठीवाले एकदमच तांदूळ मागायला धावायचे, आणि मागून येणाऱ्याला काही मिळायचं नाही. शेवटी अशा पोकळ चिठ्ठ्या काढू नयेत म्हणून सरकारला हुकूम काढावे लागले. भविष्यातला तांदूळ विकण्यात खोट नव्हती, त्यासाठीच तर पेठेला मान्यता होती. खोट होती ती किती विकला आणि किती देता येईल याचा मेळ न घालण्यात.

आता आपल्या मुंबईला येऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना तोवर सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. तो अडला. सगळी नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. १८६२ पर्यंत इंग्लंडला जाणाऱ्या कापसापैकी बहुतेक कापूस आपल्याकडून जाऊ लागला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सावकारांना पैसा दिला, सावकारांनी गावोगाव शेतकऱ्यांना. कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपये उचल मिळत होती. त्या काळातले शंभर रुपये. बोंड दिसायच्या आधीच कापसाचा पैसा वाटला जात होता.

शहरात तर याहून पुढची मजल गेली. वायद्याचे सौदे जोरात चालू झाले. हा शब्द आपला रोजचा आहे. वायदा म्हणजे दिलेला शब्द, आणि वायदा म्हणजे तो पाळायची तारीखही. अमुक तारखेला अमुक भावाने देईन, एवढ्या बोलीवर व्यवहार व्हायचे. विकणाऱ्याकडे माल नाही, घेणाऱ्याकडे पैसा नाही, दोघांची भिस्त एवढीच की तारखेपर्यंत भाव आपल्या बाजूने जाईल. कापसाबरोबर कंपन्यांच्या शेअरांवरही असेच सौदे झाले. मुंबईत समुद्र बुजवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव मूळ रकमेच्या दहा पटींच्या आसपास गेला. समुद्र तर अजून होता तिथेच होता!

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. अमेरिकेचा कापूस परत येणार म्हटल्यावर इथले भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही शेकडो वायद्यांची तारीख होती. त्या दिवशी देणाऱ्याला देता आलं नाही आणि घेणाऱ्याला घेता आलं नाही. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या बाजाराचे राजे समजले जाणारे प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. मुंबईतला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो.

पण हे पेढ्यांवरच थांबलं नाही. मुंबईचा पैसा आटल्यावर सावकाराने गावातली उचल बंद केली आणि जुनी वसुली मागितली. कापसाला भाव नाही, साऱ्याचा दर वाढलेला, कर्ज डोक्यावर. पुढे दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्याला कारणं बरीच होती, पण कापसाच्या तेजीत वाटलेली उचल आणि नंतर आवळलेला हात, हे त्यातलं एक मोठं कारण. मुंबईच्या बाजारात मोडलेल्या शब्दाची किंमत अशी शेवटी गावातल्या घराने मोजली.

आपल्याकडे एक म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात मात्र भांडण पेटलंय. म्हणीत मार खाते ती बाई, हे आपण बायांनी विसरू नये. न आलेल्या मालाचा हिशेब चुकला, की तो सगळ्यात खालच्या माणसावर फुटतो.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या देशात वस्तू विक्रीचा कायदा १९३० साली झाला आणि तो आजही चालू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की विक्रेत्याकडे आत्ता असलेल्या वस्तूचा सौदा होतो, तसाच पुढे बनवायच्या किंवा मिळवायच्या वस्तूचाही होऊ शकतो. मात्र अशा सौद्याला कायदा विक्री म्हणत नाही, विक्रीचा करार म्हणतो. म्हणजे वस्तू अजून विकली गेलेली नाही, ती देण्याचं बंधन तुमच्यावर आलेलं आहे. तेव्हा आत्याबाई, माल नसताना सौदा करणं हा गुन्हा नाही. आणि मुलींनो, पैसे आले म्हणजे विक्री झाली, असंही नाही. वस्तू पोहोचेपर्यंत ते बंधन आपल्या डोक्यावर असतं.

आता लांबच्या गिऱ्हाइकाला न दिसलेला माल विकणाऱ्यांकडे वळू, कारण आपला मोबाईलचा धंदा त्यांच्याच वंशातला आहे. अमेरिकेत शिकागो शहरात आरन माँटगोमेरी वॉर्ड नावाचा फिरता विक्रेता होता. खेड्यातल्या शेतकऱ्यांना दुकानदार महाग माल देतो, हे त्याने पाहिलं होतं. १८७२ साली त्याने एकाच कागदावर १६३ वस्तूंची यादी भाव लिहून छापली आणि शेतकऱ्यांच्या संघटनेमार्फत खेड्यांत पोहोचवली. न बघता घ्यायचं म्हटल्यावर लोक कचरणारच. म्हणून १८७५ मध्ये त्याने जाहीर केलं, की माल पसंत नसेल तर पैसे परत. हे आज आपल्याला साधं वाटतं, पण त्या धंद्याचा पाया तेच वाक्य ठरलं.

त्याच सुमारास आपल्याकडेही टपाल खात्याने मोठं काम केलं. १८७७ साली व्ही. पी. पी. सुरू झाली. पार्सल पोस्टमन आणणार, पैसे घेऊन पार्सल देणार आणि पैसे विक्रेत्याला पोहोचवणार. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची ही आजीच. खेड्यातल्या माणसाला पुस्तकं, औषधं, घड्याळं घरपोच मिळू लागली. यात एक खुबी होती. विक्रेता आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत नव्हते, पण पोस्टमनला दोघंही मानत होते. तरी फसवणारे होतेच. घड्याळ मागवलं आणि खोक्यातून दगड निघाला, असे किस्से जुन्या माणसांकडून आपण ऐकलेले आहेत. पैसे देऊन झाल्यावरच खोकं उघडता यायचं ना!

अमेरिकेत वॉर्डच्या मागून रिचर्ड सिअर्स आला. हा रेल्वे स्टेशनवरचा कर्मचारी, १८८६ साली घड्याळं विकून धंद्यात शिरला. जाहिरात लिहिण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. जाहिरात आधी छापायची आणि मागणी आली की माल कुठून आणायचा ते बघायचं, असा त्याचा खाक्या होता. पुरुषांच्या कपड्यांबाबत तसंच झालं आणि ते कपडे पुरवणारे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड पुढे त्याच्या धंद्यात भागीदार झाले. मागणीचा ढीग आणि पाठवणीचा गोंधळ निस्तरायला मोठी व्यवस्था लावावी लागली. १९०६ साली शिकागोत मोठी इमारत उभी राहिली. आलेल्या प्रत्येक ऑर्डरला ठरावीक वेळ नेमून दिली जायची आणि वेगवेगळ्या विभागांतून माल त्याच वेळेत बांधणीच्या जागी यावा लागायचा. जाहिरातीने गिऱ्हाईक आलं, पण टिकलं ते या शिस्तीमुळे.

आपल्याकडे वाट पाहायला लावूनही विक्री झाली. पुण्याजवळच्या आकुर्डीला बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, कुठे कुठे दहा वर्षंसुद्धा. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची म्हणून लोक आधीच नाव नोंदवून ठेवायचे. पण थांबावं लागणार, हे तिथे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि दुसरीकडे जायची सोयही फारशी नव्हती. आज आपल्या गिऱ्हाइकाकडे दहा दुकानं एका बोटावर आहेत.

आता इंटरनेटचा काळ. अमेरिकेत १९९५ साली ॲमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे पुस्तकांचा साठा जवळपास नव्हताच. ऑर्डर आली की ते घाऊक वितरकाकडून पुस्तक मागवायचे. वितरकाची अट अशी, की एका वेळी निदान दहा पुस्तकं घ्या. यांना तर एकच हवं असायचं. मग त्यांनी युक्ती काढली. हवं ते एक पुस्तक आणि जोडीला वितरकाकडे शिल्लक नसलेल्या एका पुस्तकाच्या नऊ प्रती मागवायच्या. ते पुस्तक कशावरचं होतं माहीत आहे? आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातीवरचं! वितरक एक पुस्तक पाठवायचा आणि बाकीची नऊ नाहीत म्हणून दिलगिरी कळवायचा. ही गोष्ट मालक जेफ बेझोस यांनी स्वतःच सांगितली आहे.

आपल्याकडे बंगळुरूत २००७ साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट सुरू केलं, तेही पुस्तकांपासून आणि साठा न ठेवता. पहिली ऑर्डर आली तेव्हा ते पुस्तक मिळवायला त्यांना दुकानं पालथी घालावी लागली. शोधून, विकत घेऊन त्यांनी ते पाठवलं. २०१० मध्ये त्यांनी माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि ऑनलाईन घ्यायला घाबरणारी माणसं धीट झाली.

या सगळ्यांत आपल्याला सगळ्यात जवळची आहे ती झॅपोस या अमेरिकन बूट विकणाऱ्या कंपनीची गोष्ट. १९९९ साली निक स्विनमर्न यांनी बुटांच्या दुकानात जाऊन फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. कुणी मागणी केली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवायचे. लोक बूट न घालून बघता घेतील का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. लोक घेत होते. पुढे कंपनी मोठी झाली, तरी काही माल उत्पादकाच्या गोदामातून परस्पर गिऱ्हाइकाकडे जायचा. अडचण अशी, की गोदामात कोणत्या मापाचे किती जोड आहेत याची माहिती बरोबर नसायची. इथे दिसतंय आहे, तिथे संपलेलं. गिऱ्हाइकाची नाराजी झॅपोसच्या नावावर जमा व्हायची, कारण त्याला उत्पादक माहीतच नव्हता. २००३ मध्ये कंपनीने ही परस्पर पाठवणी बंद केली. त्यातून विक्रीचा मोठा हिस्सा येत होता, तरीही बंद केली. आपला माल आपल्या गोदामात ठेवायचा, असं ठरवलं.

मैत्रिणींनो, आपला साडीचा धंदा आज नेमका याच जागी उभा आहे. २०१५ नंतर मीशोसारख्या ॲपमुळे हजारो बाया घरबसल्या दुसऱ्याचा माल ओळखीच्यांना विकू लागल्या. कुणाला मुलांच्या फीचे पैसे सुटले, कुणाला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर कमाई दिसली. हे कमी नाही. पण जेव्हा गट म्हणून आपण ऑर्डर घेतो, तेव्हा मागे बारा-पंधरा जणींची बचत उभी असते. म्हणून एक हिशेब करू.

समजा, गटाने फोटो दाखवून ४० साड्यांची ऑर्डर घेतली. साडी ९०० रुपयांना, म्हणजे गिऱ्हाइकांकडून ३६,००० रुपये आले. घाऊक व्यापाऱ्याला ७५० प्रमाणे ३०,००० दिले. गटाकडे राहिले ६,०००. आता व्यापाऱ्याने २५ साड्या पाठवल्या आणि पंधरा संपल्या म्हणून सांगितलं. पंधरा गिऱ्हाइकांना आपल्याला १३,५०० परत करायचे आहेत. हातात आहेत ६,०००. उरलेले ७,५०० कुठून आणणार? व्यापारी त्याच्याकडचे ११,२५० परत करेपर्यंत ते गटाच्या बचतीतूनच जाणार. आणि मग ज्या ताईला जूनमध्ये बियाण्यासाठी कर्ज हवं होतं, तिला सांगावं लागणार, की या महिन्यात पैसे नाहीत. तिने तर साडी विकलीही नाही आणि घेतलीही नाही. १८६५ चा वायदा मुंबईत मोडला आणि झळ गावाला बसली, ते असंच.

व्यापारी चुकला असं म्हणून आपण सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि ऑनलाईन विक्रीचे नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यानुसार माल खराब निघाला, सांगितल्यासारखा नसला किंवा दिलेल्या मुदतीनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर गोष्ट वेगळी. हातमागाची पैठणी म्हणून यंत्रावरची दाखवली, तर तेही सांगितल्यासारखं नाही यातच येतं. आपण स्वतः गिऱ्हाईक म्हणून फसलो तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार करता येते. तोच क्रमांक आपल्या गिऱ्हाइकाकडेही आहे, हेही ध्यानात असू द्या.

मग हा धंदा सोडायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. उलट, आधी ऑर्डर घेऊन मग माल करणं हा भांडवल नसलेल्या बाईचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. दिवाळीचा फराळ बघा. दसऱ्याला ऑर्डर आणि अर्धे पैसे घेतले, की किती भाजणी दळायची, किती तेल आणायचं ते कळतं. चकली उरत नाही, पैसा अडकत नाही. इथे आपण सोनाराच्या जागी असतो, कसब आपल्या हातात असतं. फक्त दोन सोऱ्यांवर किती किलो होईल ते आधी मोजायचं आणि तिथे ऑर्डर थांबवायची, नाहीतर ओसाकाच्या कोठारासारखी गत व्हायची.

दुसऱ्याचा माल विकताना मात्र ऑर्डर घेण्याआधी बैठकीत तीन गोष्टी ठरवा आणि गटाच्या वहीत लिहा. पहिली, माल कुठे आहे? व्यापाऱ्याकडून आजचा साठा लेखी, मेसेजवर का होईना, मागवा आणि एखादी साडी नमुना म्हणून स्वतः मागवून हाताळा. दुसरी, गिऱ्हाइकाला काय सांगितलं? माल आमच्याकडे नाही, मागवून देणार, इतके दिवस लागतील, नाही आला तर पैसे परत, हे पैसे घेण्याआधी सांगा. खरं ऐकून ऑर्डर न देणारी बाई पुढच्या वेळी येईल. तिसरी, पैसे कुठे आहेत? ऑर्डरचे पैसे बचतीत मिसळू नका, वेगळे लिहा. माल पोहोचेपर्यंत आपला नफा वाटून घेऊ नका. आणि व्यापाऱ्याला सगळी रक्कम एकदम देऊ नका. पहिली दहा साड्यांची खेप नीट आली, की पुढच्या दहाचे पैसे द्या. वरच्या हिशेबात एवढी एक गोष्ट पाळली असती, तर फार तर एका खेपेचे ७,५०० व्यापाऱ्याकडे अडकले असते, ११,२५० नाही.

येत्या बैठकीत हा विषय काढा. घरातल्या मोठ्या बायांना विचारा, त्यांनी व्ही. पी. पी.ने काय मागवलं होतं, कुणाला किती इसार दिला होता, कुठल्या सौद्यात पैसे गेले. आपल्या तालुक्यातल्या बाजाराचा इतिहास त्यांच्याकडे आहे. आणि गटातल्या मुलींनो, त्यांना मोबाईलवर तुमचा हिशेब दाखवा.